बालाबाईंची सही

गेल्या महिन्यात चवथीला आमच्या पेडण्याच्या घरी एक विषय निघाला. गणपती विसर्जन होऊन गेले, विषय अजून घरात बसून आहे.

माझा धाकटा चुलतभाऊ पुण्याला सॉफ्टवेअर कंपनीत आहे. बायकोही चांगल्या नोकरीत. मुलगी दहा वर्षांची, मुलगा सात. आरती झाली, नेवऱ्या पुढ्यात आल्या आणि त्याने सगळ्यांसमोर जाहीर केलं, "दादा, पुढच्या वर्षी आम्ही चौघं जग फिरायला निघतोय. दोन वर्षं. वीस-बावीस देश. नोकऱ्या सोडणार, मुलांना शाळेतून काढणार. रस्त्यावरच शिकतील ती."

माझ्या आतेने नेवरी खाली ठेवली. काकी, म्हणजे त्याची आई, गप्प बसली. मुलगा हत्ती कुठल्या देशात बघायचा ते सांगत होता. मुलगी मात्र काही बोलत नव्हती, हे मला तेव्हाच खटकलं.

पैशांचं काय, असं मी विचारलं. त्याचं उत्तर तयार होतं. कासारवर्ण्याच्या बाजूला सड्यावर आमची काजूची बाग आहे. माझे वडील आणि काका यांच्यात वाटणी कधी झालीच नाही, तेव्हा ती अजून सामाईक आहे. त्यातला आपला हिस्सा विकायचा. ११ डिसेंबर २०२२ ला मोप्याच्या विमानतळाचं उद्घाटन झालं, ५ जानेवारी २०२३ पासून विमानं उडू लागली आणि आमच्या तालुक्यात ज्या जमिनीकडे पूर्वी गुरंच काय ती बघत, तिला दिल्लीहून गिऱ्हाइकं येऊ लागली. ज्या विमानतळामुळे बागेला भाव आला त्याच विमानतळावरून बाग विकून उडायचं. गंमत आहे की नाही?

आता मी पडलो सरकारी कारकून. एक-चौदाचे उतारे, फेरफार, हरकती यांतच माझा जन्म चालला आहे. त्यामुळे पुढच्या गोष्टी मला पाठ होत्या. अविभक्त हिस्सा बाहेरच्याला विकायचा तर आधी बाकीच्या हिस्सेदारांना विचारावं लागतं. शिवाय आपल्या गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा चालतो. नवरा-बायको मालमत्तेत निम्मे-निम्मे, आणि जमीन विकताना दोघांच्याही सह्या. काका वारले, तरी काकीचा निम्मा वाटा तसाच आहे. म्हणजे कागदावर काकी हवी, तो हवा, त्याची बायको हवी, मी हवा आणि माझी बायकोही हवी. हे सगळं मी बोटं मोजून सांगितल्यावर आमची सौभाग्यवती म्हणाली, "माझी सही लागते म्हणजे मला मतही असणार!"

भावाने मग आपला हुकमाचा पत्ता टाकला. "दादा, तू तर पुस्तकं वाचणारा माणूस. धर्मानंद कोसंबी असेच घर सोडून गेले नव्हते? ते साखवळच्या माडांत नारळ मोजत बसले असते तर?"

खरं सांगायचं तर मी तिथे निरुत्तर झालो. बी.ए.ला असताना ‘निवेदन’ वाचून मी भारावलो होतो. वर्गात त्यावर तावातावाने बोललोही होतो. घरी येऊन मी ते पुस्तक कपाटातून काढलं आणि पुन्हा वाचलं. पंचविशीत वाचलेलं पुस्तक पंचेचाळिशीत वाचलं की ते तेच राहत नाही.

गोव्याच्या वाचकाला धर्मानंदांची ओळख करून द्यायला नको, तरी थोडक्यात उजळणी करतो. १८७६ चा जन्म, साखवळ. लहानपणीच लग्न. शिक्षण म्हणाल तर बेताचं. ‘बालबोधमेवा’ नावाच्या मराठी मासिकात बुद्धाचं चरित्र वाचलं आणि ते मनात घर करून बसलं. पोर्तुगीज राजवटीतल्या एका खेड्यातल्या तरुणाला मराठी मासिकातून बुद्ध भेटतो, ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते. आधी एक-दोनदा घर सोडून, मायेने ओढले जाऊन ते परत आले होते. १८९९ च्या अखेरीला मात्र निघाले ते निघालेच. पुण्यात रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना भेटले. मग ग्वाल्हेर, काशी. काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. नेपाळला गेले ते बुद्धधर्म शोधायला, आणि तिथे निराशा पदरी घेऊन उतरले. पुढे बुद्धगया, कलकत्ता, सिंहलद्वीप. कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगलाचार्यांकडे पाली शिकले, श्रामणेर झाले. नंतर ब्रह्मदेश. घरच्या माणसांची तोंडं पुन्हा बघायला १९०६ उजाडलं.

निघाले तेव्हा घरी बायको होती, बालाबाई. आणि मांडीवर मुलगी, माणिक, त्याच वर्षी जन्मलेली.

पहिल्या वाचनात ही दोन माणसं माझ्या लक्षातच आली नव्हती. मी धर्मानंदांबरोबर काशीच्या रस्त्यावर चालत होतो ना! या खेपेला मी साखवळच्या घरातच अडकून पडलो. सात वर्षं म्हणजे काय? मांडीवरची मुलगी चालायला लागते, बोलायला लागते, तिचे दुधाचे दात पडायला लागतात. नवरा मेलेला नाही, पण आहे म्हणावं तर कुठे आहे? १८९९ च्या खेड्यात अशा बाईला सणासमारंभात कुठल्या रांगेत बसवत असतील, याची कल्पना आपल्या आज्यांना पाहिलेल्यांना करता येईल. धर्मानंद प्रांजळ माणूस. घराची ओढ, मनाचा दुबळेपणा, काही लपवत नाहीत. पण ‘निवेदन’ त्यांचं आहे. बालाबाई त्यात येतात त्या त्यांच्या वाक्यांतून.

आणि बघा, जो कायदा आम्हाला आज बागेसाठी पाच सह्या मागायला लावतो, तो पोर्तुगीजांचा नागरी कायदा तेव्हाही गोव्यात होता. १८७० पासून. माड विकायला निघाले असते तर धर्मानंदांना कागदपत्रांच्या भानगडीत पडावं लागलं असतं. स्वतःच निघून जायला कुणाच्या सहीची गरज नव्हती.

म्हणजे त्यांनी जायला नको होतं, असं मी म्हणतो काय? नाही. तसं म्हणणारा मी कोण? ते गेले म्हणून मराठीत पालीचा अभ्यास उभा राहिला, बुद्धाचं चरित्र आणि उपदेश आपल्या भाषेत आला. सयाजीराव गायकवाडांच्या दरमहा पन्नास रुपयांवर राहून पुस्तकं लिहिणारा हा माणूस आहे. अशा माणसाला घरी बसवून आपण काय मिळवलं असतं? पण भावाने त्यांचं नाव घेतलं ते अर्ध्या गोष्टीसाठी. उरलेली अर्धी त्याला ठाऊक नव्हती, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते.

१९१० मध्ये हार्वर्डहून बोलावणं आलं. ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनाचं काम होतं. पहिल्या खेपेला ते एकटे गेले, १९१२ मध्ये परतले, पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवू लागले. १९१८ मध्ये पुन्हा निघाले तेव्हा बरोबर माणिक होती, एकोणीस वर्षांची, आणि दामोदर, अकरा वर्षांचा. बालाबाई आणि धाकट्या मुली याही खेपेला इथेच. एकोणीस वर्षांच्या अविवाहित मुलीला अमेरिकेत कॉलेजात घालायचं, हे त्या काळात आपल्याकडे किती घरांना झेपलं असतं? ज्या मुलीला मांडीवर टाकून बाप निघाला होता, तिला त्याने रॅडक्लिफ कॉलेजात शिकवलं आणि ती पदवी घेऊन आली. हे कुठेतरी फेडणं होतं, असं मला वाटतं. निदान मला तसं वाटून घ्यावंसं वाटतं.

आता दामोदरची गोष्ट. म्हणजे आपले डी. डी. कोसंबी. हा मुलगा अमेरिकेत काय करत होता? फिरत नव्हता. केंब्रिज नावाच्या एका गावात राहत होता. तिथल्या शाळेत जात होता, स्काउटमध्ये होता. बापाच्या सहकाऱ्याचा मुलगा नॉर्बर्ट वीनर, पुढे जगप्रसिद्ध गणिती झाला तो, याच्याशी तिथेच त्याची ओळख. १९२९ मध्ये हार्वर्डमधून सर्वोच्च श्रेणीत पदवीधर होऊन तो भारतात आला. गणित केलं, नाण्यांचा अभ्यास केला, १९५६ मध्ये भारतीय इतिहासावरचं ते पुस्तक लिहिलं ज्याच्याशी अजून लोक भांडतात. पण मला त्यांच्या १९६२ च्या ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’मधलं एक प्रकरण सगळ्यात जवळचं. ते आहे गोव्याच्या जुन्या काबिजादीतल्या गावकरीवर! अकराव्या वर्षी समुद्रापार गेलेला पोर आपल्या वाडवडिलांच्या शेतांचे बांध, खाजन जमिनी आणि गावकऱ्यांचे हिशेब बघायला परत येतो. पुण्याच्या आसपासच्या टेकड्या पायी तुडवून दगडगोटे आणि देवांच्या वाटा शोधतो. जग पाहून आल्यामुळे त्याला अंगण दिसलं, असं आपण पटकन म्हणून टाकतो. मला तसं वाटत नाही. जगात एका जागी बसून राहिल्यामुळे त्याला दुसऱ्या जागेकडे बघता आलं, असं मला वाटतं.

बापाचंही तेच. धर्मानंदांनी देश किती पाहिले ते मोजत बसू नका. काशीत बसले, विद्योदयात बसले, हार्वर्डला पुन्हा पुन्हा जाऊन बसले, १९२९ मध्ये लेनिनग्राडला जाऊन बसले. प्रत्येक ठिकाणी काहीतरी शिकायला किंवा शिकवायला. वीस-बावीस देश दोन वर्षांत म्हणजे एका देशाला महिना-सव्वा महिना. त्यात व्हिसाची रांग, बॅगा, मुलांची पोटं बिघडणं हे वजा करा. उरतं ते आमच्या एलटीसीसारखंच.

एलटीसीचा मला अनुभव आहे, म्हणून बोलतो. चार वर्षांच्या ब्लॉकमध्ये सरकार आम्हाला एकदा भारतात कुठेही पाठवतं. माझं होमटाऊन ऑफिसपासून म्हापसा, अस्नोडा करत दीड तासावर, त्यामुळे ती दुसरी सवलत म्हणजे विनोदच. काही वर्षांपूर्वी आम्ही काश्मीरला गेलो. बारा दिवस. आल्यावर मुलाने शाळेत निबंध लिहिला, त्यात दाल सरोवराला दोन ओळी आणि हॉटेलच्या टीव्हीवर पाहिलेल्या क्रिकेट मॅचला अर्धं पान.

भाऊ यावर म्हणणार (आणि म्हणालाच), की आम्ही पर्यटन करणार नाही, आम्ही जगणार. ठीक आहे. चालत्या रस्त्यावर मुलं शिकतात का, हा प्रश्न मराठी माणसाला नवा नाही. पंडिता रमाबाईंचं घराणं आठवा. वडील अनंतशास्त्री डोंगरे. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष ओढवून घेतलेला माणूस. सह्याद्रीत गंगामूळच्या रानात आश्रम काढला, तिथे १८५८ मध्ये रमाबाई जन्मल्या. थोड्याच महिन्यांत कुटुंब तीर्थयात्रेला निघालं ते पुढली पंधरा-सोळा वर्षं चालतच राहिलं. देवळात पुराण सांगायचं, मिळेल त्यावर गुजराण करायची, पुढचं तीर्थ गाठायचं. मुलांची शाळा म्हणजे आई. लक्ष्मीबाई वाटेवर मुलीला संस्कृत शिकवत. १८८७ मध्ये रमाबाईंचं इंग्रजी पुस्तक निघालं ते त्यांनी आईलाच अर्पण केलं. वाटेवर भाषा कानांवर पडत गेल्या, आणि १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी या विशीतल्या मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. रस्त्यावरच्या शाळेचा याहून मोठा दाखला कुठे मिळणार?

पण त्याच रस्त्यावर १८७४ च्या सुमाराच्या दुष्काळात काय झालं, तेही वाचलं पाहिजे. गाठीचा पैसा संपला होता. कष्टाचं काम करायची सवय नाही, पोटाची दुसरी विद्या नाही. आई, वडील, थोरली बहीण, एकामागून एक गेली. उरली ती रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. पुढे रमाबाईंनी स्वतःच हे लिहून ठेवलं आहे, आणि कुठलीही विद्या पोटापाण्याच्या कामी न येण्याचं दुःख त्यात आहे. त्यांनी नंतर बायकांसाठी जी संस्था उभारली तिथे हातांना काम शिकवण्यावर इतका भर का होता, हे मला त्या दुष्काळावरून कळतं.

आता कुणी म्हणेल, कारकून आहे, घाबरवतोय. तसं नाही. उलट शाळेची भीती मीच भावाच्या बायकोच्या मनातून काढली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे मूल शाळेबाहेर राहिलं तरी वयाला साजेशा वर्गात त्याला प्रवेश द्यावाच लागतो. दोन वर्षांनी मुलगा दुसरीतच राहील असं काही होणार नाही. माझी चिंता वर्गाची नाही, बाकाची आहे. सांगतो.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी, मी आठ-नऊ वर्षांचा असताना, हरमलला माझ्या मावशीच्या घरी दोन खोल्या भाड्याने घेऊन एक गोरं कुटुंब राहायचं. नवरा, बायको आणि माझ्या वयाचा मुलगा. दिवाळी झाली की यायचे, उन्हाळा लागला की जायचे. मधल्या काळात कुठे कुठे असायचे. सलग पाच वर्षं आले. मी सुट्टीत मावशीकडे गेलो की आमची जोडी. तो सकाळी आमच्याबरोबर पेज जेवायचा, रापण ओढायला जायचा. दोरी ओढली की मासळीचा वाटा मिळतो, हे त्याला बरोबर कळलं होतं. त्याच्या तोंडी बांगडे, तारले, लेपो ही नावं असायची आणि पागी लोक खूश होऊन त्याला एक बांगडा जास्त द्यायचे. मला त्याचा हेवा वाटायचा. त्याने समुद्र, वाळवंट, बर्फ सगळं पाहिलं होतं. मी पेडण्याच्या पलीकडे म्हापशाचा शुक्रवारचा बाजार पाहिला होता.

एकदा मी त्याला बढाई मारून सांगितलं, की शाळेत माझ्या बाकावर मी करकटकाने नाव कोरलंय आणि मास्तरांचा मार खाल्लाय. त्याला आधी ते कळेना. मग त्याने विचारलं, "तोच बाक? रोज?" मी म्हटलं, रोज तोच. शेजारी कोण? तोच. मागच्या वर्षी? तोच. तो गप्प झाला. मग म्हणाला, मला तुझा बाक दाखव. आम्ही गेलो नाही, कारण हरमलहून पेडण्याला जायला बस एक आणि आमच्याकडे पैसे नव्हते. सहाव्या वर्षी ते कुटुंब आलं नाही.

आता मोरजी, आश्वें, मांद्र्यात अशी कुटुंबं किती येतात, कोण मोजणार. स्कूटरवर पुढे-मागे मुलं घेतलेले आईबाप हिवाळाभर दिसतात. त्यांना नावं ठेवणारे खूप आहेत, मी त्यांतला नाही. मुलं बघावी तर धीट, कुणाशीही बोलणारी. तरी चवथीला भावाच्या मुलीकडे बघताना मला तो बाक आठवला.

एक वेगळा प्रवासही सांगायचा आहे, कारण त्याला कुणी प्रवास म्हणत नाही. माझी नोकरी बरीच वर्षं डिचोलीत. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा शिरगाव, मये, पिळगाव भागात अंगणाअंगणांत ट्रक उभे राहिले. माझ्या एका सहकाऱ्याच्या भावाचा असाच एक ट्रक, कर्जावरचा. त्याने वर्षभर वाट पाहिली आणि कुवेतची वाट धरली. तो अजून तिथे आहे, दोन वर्षांनी महिनाभर येतो. मधल्या काळात कतारला जाऊन आला, एकदा ओमानलाही होता. म्हणजे देश पाहिले म्हणायचं तर त्यानेही पाहिले. घरी बायकोने काय केलं? ट्रकच्या कर्जाचे हप्ते बँकेत जाऊन भांडून कमी करून घेतले. स्कूटर शिकली. सासऱ्यांच्या आजारपणात बांबोळीला एकटीने रात्री काढल्या. पंचायतीत पाण्याच्या नळासाठी उभं राहून बोलली. पूर्वी दारात कुणी आलं की आत जाणारी बाई ही! प्रवास त्याने केला, शिकली ती.

गोव्यात असा हिशेब घरोघरी आहे. सासष्टी-बारदेसातल्या तार्वट्यांच्या बायकांनी बोटीच्या पैशांवर घरं उभी केली, ती त्यांनी उभी केली, नवरे समुद्रावर होते. आमचे देवसुद्धा एकटे हलले नाहीत. दिवाडीचा सप्तकोटेश्वर आमच्या डिचोलीत नार्व्याला आला, साखवळचा लक्ष्मीनृसिंह वेलिंगला गेला, ते त्यांना डोक्यावर घेणाऱ्या माणसांसकट. पण कोण गेलं एवढंच आपण लिहून ठेवतो. कोण राहिलं ते लिहायची पद्धत नाही.

भावाला मी फोनवर सविस्तर सांगितलं. जा, पण बाग विकून नको. साठलेल्या पैशांत एक वर्ष निघत असेल तर एक वर्ष जा. दोन किंवा तीन जागा निवड, आणि अशा की शेजारच्या पोरांबरोबर तुझी पोरं खेळतील, त्यांची भाषा तोंडात येईल. मुलीला आधी विचार, तिला मैत्रिणी आहेत. तो थोडा वेळ ऐकत राहिला आणि म्हणाला, "दादा, राग मानू नकोस, पण तू एलटीसीच्या पलीकडे कधी गेलास?"

लागलं. खोटं कशाला बोलू? बाविसाव्या वर्षी मलाही काशीला जाऊन राहायचं होतं, ‘निवेदन’ वाचूनच. एक मित्र तयार होता. तेवढ्यात नोकरीची ऑर्डर आली आणि वडील म्हणाले, काशी कुठे पळून जात नाही. तो मित्र गेला. तीन वर्षं राहून आला. आज आम्ही भेटतो तेव्हा बोलतो तोच जास्त. म्हणून माझ्या मतात थोडी जळफळ आहे, ती वाचकांनी वजा करून घ्यावी. वजा करूनही काही उरतं असं मला वाटतं, नाहीतर हे लिहिलं नसतं.

गेल्या रविवारी मी उतारा घेऊन काकीकडे गेलो. काय चाललंय ते तिला नीट कळावं म्हणून. काकी सत्तरी ओलांडलेली, मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेली, सही झोकात करते. तिने उतारा वाचला नाही. म्हणाली, कुठल्या महिन्यात ती कुठे असणार ते लिहून दे. मग कालनिर्णयच्या जुन्या पानामागे मी भावाच्या यादीतले बावीस देश महिन्यांसकट लिहिले. ती बोट ठेवून ठेवून वाचत गेली. मार्चपाशी थांबली. मार्च, एप्रिल, मे, दोन्ही वर्षांचे. काजू पडायचे दिवस. बिया वेचायला, बोंडू मळायला बोलवायची माणसं कोण, हुर्राकाचं कोण बघणार, हे तिने मला विचारलं नाही. बोट मात्र तिथेच होतं.

मी म्हटलं, "काकी, तुझी सही नसली तर काही होत नाही. तुला नको असेल तर नको म्हण."

ती म्हणाली, "हांव सय करतलें. पूण ताणें येवन म्हाका विचारूंक जाय."

मग माझ्या ध्यानात आलं. चवथीपासून आजपर्यंत भाऊ मला विचारतोय, त्याची बायको मला विचारतेय, माझी बायको मला ऐकवतेय. काकीच्या सहीबद्दल सगळे माझ्याशी बोलले. काकीशी कुणीच बोललं नव्हतं. मीसुद्धा तिला समजावायलाच गेलो होतो.

फोन करून हे त्याला कळवलं. बराच वेळ पलीकडून आवाज आला नाही. पेडण्याच्या पुनवेला तो दर वर्षी येतो, याही वर्षी येणार आहे, या खेपेला मुलांना घेऊन. उतारा आणि कालनिर्णयचं पान काकीने देवाच्या फळीवर, समईच्या मागे ठेवलं आहे.